टक्कल अजून वाढतंय, मग आधी एफयूटी की थेट एफयूई?

कर्वेरोडकर
बाणेर-औंधकडे हेअर ट्रान्सप्लांटची जाहिरात दिसली की 'टाके नाहीत, व्रण नाही' हे त्यात असतंच. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा. समोरून आणि टाळूवर, दोन्हीकडे केस चाललेत. वडील आणि काका दोघांना पूर्ण टक्कल. त्याला जिथे गेला तिथे एफयूईच, म्हणजे केस सुटे सुटे काढून लावायची पद्धत, सुचवली. माझं मत उलट आहे, अशा मुलाने आधी एफयूटी, म्हणजे मागून कातडीची पट्टी काढून केस घ्यायची पद्धत, करावी.

आयुष्यभर टिकणारे केस डोक्याच्या मागच्या पट्ट्यातलेच, आणि तो साठा मर्यादित. एफयूटीत त्याच्या मधोमध सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर रुंद कातडी काढतात, टाके घालतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट केसांचा बारीक पुंजका, सोडवतात. मुळं डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे कमी तुटतात. व्रण एक, आजूबाजूची दाटी जशीच्या तशी. एफयूईत एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पंचने, म्हणजे गोल पात्याच्या बारीक नळीने, ग्राफ्ट सुटे सुटे काढायचे. २,०००-२,५०० हवे झाले की हात हळूहळू पट्ट्याबाहेर सरकतो. तिथले केस मुळात गळणारे, समोर लावले तरी गळणारच.

झिरोकट
एक व्रण, पण जवळपास या कानापासून त्या कानापर्यंत! मी मागे मशीन मारतो, माझ्यासारख्याने तो कुठे लपवायचा? ज्यांच्या अंगावर जखमेचे वण जाड उठतात त्यांनी टाके घालून घ्यायचेच कशाला? टाळूची कातडी घट्ट असेल तर पट्टी काढून कडा जुळवतानाच ताण येतो आणि व्रण रुंदावतो. शिवाय पुण्यात रोज दुचाकी, म्हणजे हेल्मेटची कड बरोबर टाक्यांवर. एफयूईत दाढीतलेही केस घेता येतात, हा साठा तुम्ही धरलाच नाहीत.

कर्वेरोडकर
हेल्मेट एफयूईनंतरही लगेच चालत नाही, समोरचे ग्राफ्ट रुजायला दिवस लागतात. दाढीचा केस जाड, तो टाळूवर भर घालायला ठीक, कपाळाच्या रेषेत उठून दिसतो.

आणि एफयूईत व्रण नाही हे धादांत खोटं. माझ्या मित्राची मान ट्यूबलाइटखाली पाहा. बारीक कापलेल्या केसांत पांढरे गोल ठिपके, कानाच्या वर तर कसर लागल्यासारखी विरळ जागा. आता दुसऱ्या बैठकीला द्यायला त्याच्याकडे मागे काही उरलेलं नाही.

मुग्धा_सदाशिव
मित्राच्या डोक्याचा दोष एफयूईचा की पंच धरणाऱ्याचा? नवऱ्याबरोबर मी एका क्लिनिकमध्ये गेले होते. आम्ही विचारत गेलो तेव्हा कळलं, डॉक्टर भूल देणार, कपाळाची रेषा आखणार आणि जाणार. पुढचं सगळं तंत्रज्ञ मुलं करणार. आम्ही उठून आलो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की ही शस्त्रक्रिया योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची. केसाचं मूळ कातडीखाली वळलेलं असतं, पंचचा कोन चुकला की ते तुटतं. किती तुटतात, हे तोंडावर विचारा.

आणि डीएचआय म्हणून जादा पैसे मागतील तर सावध. केस काढायची पद्धत एफयूईचीच, फक्त लावताना पेनासारखं उपकरण वापरतात.

झिरोकट
मुग्धाताईंशी सहमत. म्हणूनच विचारतो, पट्टी काढून बारीक टाके घालणारा सराईत हात आता सहज मिळतो का? बहुतेकांनी ते काम सोडलंय. ज्याने वर्षानुवर्षं एफयूईच केली, त्याच्याकडून एफयूटी करून घेण्यात शहाणपण नाही.

आणि खरं सांगू का, २६व्या वर्षी दोन्ही नको. आधी त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड. वर्षभर गळती किती थांबते ते बघा. आज कपाळ भरलं आणि मागची टाळू उघडी पडत गेली, तर पुढे लावलेल्या केसांचं नुसतं बेट राहील.

कर्वेरोडकर
औषधांचं पटलं. फिनास्टेराइडच्या लैंगिक दुष्परिणामांबद्दल त्याने वाचलंय, तो घाबरतो, त्यामुळे ते डॉक्टरांशीच बोलू. पण शस्त्रक्रियेची वेळ आली तर माझं मत तेच. पहिल्यांदा पट्टी, एफयूई नंतरसाठी राखून. गरज पडलीच तर त्या व्रणातही एफयूईने केस लावता येतात.

झिरोकट
तुमचं मत झालं. भाऊ मागचे केस केवढे ठेवतो? तो माझ्यासारखा मशीन मारणारा असेल तर टाक्यांचं त्याच्याशी बोलायच्या आधी त्याला असा व्रण प्रत्यक्ष दाखवा.