भिंतीपलीकडचं माणूस: तुमचे अनुभव

काल घर आवरताना खणात एक किल्ली सापडली. आमच्या कुठल्याच कुलपाला लागेना. मग आठवलं, समोरच्या घराची. त्यांना ते घर सोडून सोळा वर्षं झाली.

त्यांच्या बायकोची नोकरी दुसऱ्या शहरात, माझा नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. अडीअडचणीला असावी म्हणून किल्ली दिलेली. जिन्यात गाठ पडायची. आधी वर्तमानपत्राची देवाणघेवाण, मग त्यातल्या शब्दकोड्याची. ते अर्धं सोडवून कडीला अडकवायचे, उरलेलं मी. येणारे शब्दही ते माझ्यासाठी मोकळे सोडायचे, हे फार उशिरा कळलं. कागद उजेडात तिरका धरला की पेन्सिलने लिहून खोडलेलं दिसायचं.

सुरुवातीला 'वहिनी' म्हणायचे. पुढे हाकच मारेनासे झाले, थेट बोलायलाच लागायचे. मीही 'भाऊजी' गिळायला लागले. एवढंच. हाताला हात लागला नाही. त्यांनी बदली मागून घेतली तेव्हा मी कारण विचारलं नाही.

तुमचं होतं का असं कुणी? लिहा. उपदेश मात्र नकोत.

निशिगंध: खोडलेल्या अक्षरांपाशीच थांबले गं. मलाही लिहायचंय. पोराला शाळेतून आणते, मग.

दूरदेशी: मी यातली 'दुसऱ्या शहरातली बायको'. काही घडलं नव्हतं हे मलाही माहीत होतं, म्हणून तर भांडता येईना. सुट्टीला घरी आले की तो जिन्यात कुणाशी तरी हसताना ऐकू यायचा. तसं हसणं आमच्या घरात कधीच बंद झालं होतं. ताई, तुमच्यावर राग नाही. पण कळ आली वाचून.

धागाकर्ती: तुमचं वाचून हात थांबला. त्या वहिनींचा विचार मी तेव्हा केलाच नव्हता. खरं तेच सांगते.

जिज्ञासू: जिन्यावरून आठवलं. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या संशोधकांचा 1950 साली आलेला अभ्यास आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीतला. एकाच मजल्यावर लगतच्या दारांत मैत्री होण्याचं प्रमाण 41 टक्के, दोन टोकांना राहणाऱ्यांत जेमतेम 10. जिन्यापाशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही जास्त ओळखी. मनं नंतर जुळतात, आधी वाटा एकमेकींना छेदतात. माझा स्वतःचा अनुभव नाही, पण वाचतोय सगळं.

रात्रपाळी: बायको सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला औषध देऊन दिवा घालवला की पलीकडून खोकला ऐकू यायचा. शेजारणीचा. नवरा असून एकटीच होती ती. एकदा खोकला थांबेना म्हणून मी भिंतीवर दोनदा टकटक केलं. थोड्या वेळाने पलीकडून एकदा. मग रोजचंच झालं. दिवसा समोर आलो तर दोघंही खाली बघायचो. बायको गेली त्या रात्री मी टकटक केलं नाही. पलीकडूनच आली, एकदा. मी बराच वेळ भिंतीला हात लावून उभा होतो.

पाऊलवाट: साडेचार इंची भिंत असणार. आमचीही तशीच, शिंकसुद्धा ऐकू जाते. पुस्तकांचं कपाट लावा, आवाज बराच कमी होतो.

रात्रपाळी: इमारतच पाडली आता.

पाऊलवाट: अरे... माफ करा दादा. घाईत वाचलं.

दूरदेशी: रात्रपाळी, तुमच्या बायकोला ती टकटक ऐकू येत असेल का?

रात्रपाळी: येत असावी. एकदा मी विसरलो तर तिनेच भिंतीकडे बघितलं होतं.

धागाकर्ती: यावर काय लिहू. डोळे भरून आले.

पाऊलवाट: ताई, किल्लीचं काय केलंत?

धागाकर्ती: खणातच आहे. निशिगंध, आणलंस का गं पोराला? वाट बघतेय.

निशिगंध: आणलं. चार वेळा लिहून पुसलं. माझं माणूस अजून शेजारीच राहतं. आत्ता त्यांच्याकडे दिवा लागलाय.