स्टेम बदला म्हणे! बुटक्यांची रोड बाईक आणि उंचांचे सल्ले

कोथरूडची_पायडलवाली:
काल नानांनी लिहिलं, "उंची कमी म्हणून रडत बसू नका. एक्सएस (सगळ्यात लहान साइज) घ्या, छोटा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावा, सीट पुढे सरकवा, झालं काम. मापं घेऊन फिटिंग करणं वगैरे पैसे काढायचे धंदे." वर लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून हे लांबलचक लिहितेय. माझी उंची १५१ सेमी, म्हणजे पाच फूटसुद्धा नाही, आणि हे तिन्ही उपाय माझे करून झालेत.

पहिली सायकल घेतली तेव्हा दुकानात एक्सएस नव्हतीच. "मॅडम एस घ्या, सीट खाली करून देतो, बसून जाईल." बसले मीच. सीटपोस्ट इतकी आत गेली की मागचा लाइट लावायला जागा उरली नाही, आणि हँडल धरायचं म्हणजे शेजारच्यांच्या गॅलरीतले कपडे काढल्यासारखं. मग स्टेम ९० मिमीचा काढून ६० चा टाकला, हँडल जवळ आलं पण ब्रेक लिव्हर माझ्या हातापेक्षा मोठेच राहिले. बापदेव घाट उतरताना दोन बोटांची टोकं कशीबशी लिव्हरला लागत होती, खाली पोचेपर्यंत मनगटं मेलेली. सीट पुढे घेतली तर वजन सगळं हातांवर, तासाभरात करंगळ्या बधिर. ती विकून एक्सएस घेतली तर सिग्नलला हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकात, नळ स्टॉपला भर गर्दीत आडवी. नाना, आता यात मी रडले कुठे ते दाखवा.

नाना_वारजे:
ताई, मी तुमच्याबद्दल लिहिलं नव्हतं. पण आजकाल चार किलोमीटर चालवायच्या आधी लोक गुडघ्याचा कोन मोजतात त्याचं हसू येतं. आम्ही वडिलांच्या चोवीस इंची काळ्या सायकलवर दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत शिकलो. कुठला रीच (पायडलच्या मध्यापासून फ्रेम पुढे किती) आणि कुठला स्टॅक (वर किती)? तो इटलीचा रेसर पोझोविवो १६५ सेमीचा, १८ वेळा जिरो ही तिकडची मोठी शर्यत चालवली त्याने. इच्छा पाहिजे.

मीठभाकर:
आली चोवीस इंची सायकल! वाटच बघत होतो. नाना, अर्ध्या पायडलवर दूधडेअरीपर्यंत जायचात, २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) साडेतेरा तासात नाही मारलीत. आणि १६५ म्हणजे १५१ नव्हे, १४ सेमीचा फरक आहे. शिवाय त्याच्यामागे मेकॅनिक, पाहिजे ते हँडल, पाहिजे तो क्रँक (पायडलचा दांडा). आपल्यामागे कोण, "बसून जाईल"वाला.

जुनापुणेकर:
अर्ध्या पायडलची चेष्टा नको. आणि आमच्याकडे पेठेत लहान सायकल भाड्याने मिळायची, तासावर, वहीत नाव लिहून. चोवीस इंचीवर शिकायला लागायचं ते गावाकडच्यांना.

नाना_वारजे:
म्हणजे गावाकडचे आम्ही अडाणी का? भाड्याची तुमची ती लहान सायकल, ब्रेक नाही, घंटी नाही, वेळ संपली की कोपऱ्यापासून पळत परत द्यायची. पंक्चर झालं तर पैसे आपल्यालाच पडायचे.

जुनापुणेकर:
ब्रेक होते. आमच्या दुकानात तरी होते.

कोथरूडची_पायडलवाली:
वा, म्हणजे तेव्हा तासाच्या भाड्यात आपल्या मापाची सायकल मिळत होती आणि आता लाख रुपये मोजून मिळत नाही. प्रगती आहे.

घाटमाथा_६२२:
मुद्द्यावर येऊ का? एक्सएस लिहिलं की लहान होत नाही, खरी गोम तिथे आहे. चाक बहुतेक सगळ्या साइजना तेच, ७००सी म्हणतात ते, ६२२ मिमीची रिम, २८ चा टायर धरला की व्यास ६७८ मिमी. फ्रेम आखूड करायला गेलं की चाक पायाशी येतं, मग कंपन्या हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) पाडतात, पुढचं चाक लांब ढकलतात, आणि एक्सएस व एसच्या रीचमधे कित्येकदा पाचसात मिमीचाच फरक उरतो. वर कागदावर टॉप ट्यूब (वरची दांडी) छोटी दिसावी म्हणून सीट ट्यूब (सीटखालची नळी) उभी करतात, ७३ ची ७५ अंश. सीटची उंची ६२ सेमी धरा, एका अंशाला साधारण एक सेमी, म्हणजे दोन सेमी "कमी" झाली. पण तुम्हाला पायडलच्या मानाने सीट जिथे हवी तिथे ती मागे सरकवलीत की ते दोन सेमी परत. म्हणून टॉप ट्यूब बघून सायकल घेऊ नका, रीच आणि स्टॅक बघा. ताईंचं बरोबर आहे, सीट पुढे घेणं हा हँडल जवळ आणायचा उपाय नाहीच.

बरोबर उत्तर म्हणजे लहान चाक. जॉर्जिना टेरीने १९८५ च्या सुमारास बायकांसाठी पुढचं चाक २४ इंची ठेवून सायकली विकल्या होत्या. चाळीस वर्षं झाली.

ब्रेव्हेवाला_सातारा:
लहान चाक पुण्यात ठीक आहे साहेब. रात्री दोनला कराडच्या पुढे ६५०सीचा, म्हणजे लहान चाकाचा, टायर फाटला की काय करणार? ७००सीची ट्यूब निदान सोबतच्या चार जणांकडे असते. माझ्या बायकोची उंची १५४, ७००सीवरच ३०० ची ब्रेव्हे केलीय तिने. बूट चाकाला लागतो, ती हळू वळताना तो पाय मागे ठेवते. सवय होते.

कोथरूडची_पायडलवाली:
वहिनींना विचारून लिहिलंत ना?

ब्रेव्हेवाला_सातारा:
ती शेजारीच बसलीय. म्हणते सवय झाली, पण "आवडतं असं लिहू नको". घ्या.

आम्सटरडॅमची_मावशी:
इकडे तर मला दुकानदाराने सरळ मुलांच्या विभागात नेलं होतं. माझी उंची १५८, वय ४६.

मीठभाकर:
माझी तक्रार हँडलची. बुटक्यांच्या सायकलला ४२ सेमीचं हँडल लावून देतात, त्यावर दोन्ही हात पसरले की गारुड्यापुढचा नाग. त्यात यूसीआयने (सायकल शर्यतींची जागतिक संघटना) २०२६ पासून शर्यतीत हँडल बाहेरून बाहेर किमान ४०० मिमी ठरवलं, म्हणजे अरुंद खांद्यांच्या मुलींनी काय करायचं? नियम करणाऱ्यांत आपल्या उंचीचा कोणी बसत नसावा.

नाना_वारजे:
आता यूसीआयपण आणा. तुम्ही कुठली शर्यत मारताय, सिंहगड पायथा ते भजी?

मीठभाकर:
हो, आणि त्यात तुमच्या पुढे असतो.

घाटमाथा_६२२:
भांडू नका, क्रँकचं कोणी बोललंच नाही. टूर द फ्रान्स जिंकणारा पोगाचार १७६ सेमीचा माणूस, त्याने १६५ मिमीचा क्रँक लावला. आणि आपल्याकडे पाच फुटी बाईच्या सायकलला १७०. पायडल वर आलं की गुडघा छातीशी.

कोथरूडची_पायडलवाली:
हे मात्र सोन्यासारखं. शेवटी माझं जमलं ते असं: क्रँक १६५, हँडल ३६, लिव्हर स्क्रूने आत घेतले, आणि सीट जिथे असायला पाहिजे तिथे मागे. स्टेम ७० आहे, म्हणजे नाना, तुमच्या तीनपैकी पाऊण उपाय उपयोगी पडला. बुटाचं टोक अजून चाकाला लागतं. हे सगळं फिटिंगवाल्या मुलीने दोन तास बसून केलं, तिचे पैसे मी आधीच्या सायकलीत घालवले त्यापेक्षा कितीतरी कमी होते.

नाना_वारजे:
पाऊण तर पाऊण. तो लिव्हरचा स्क्रू कुठे असतो? बायकोची सायकल गॅलरीत दोन वर्षं उभी आहे, "हात पोचत नाही" म्हणाली होती बहुतेक. मी म्हटलं होतं सवय होईल.

कोथरूडची_पायडलवाली:
शिमॅनो असेल तर लिव्हरपाशीच बारीक स्क्रू असतो, बहुतेक २ मिमीची अॅलन की लागते. थोडा थोडा फिरवा, आणि नंतर ब्रेक जोरात दाबून बघा, लिव्हर हँडलला टेकायला नको. टेकला तर केबल ताणून घ्या. आणि त्या आधी त्यांना सायकलवर बसवा, हो. तुम्ही बसून बघू नका.

जुनापुणेकर:
ब्रेक होते त्या भाड्याच्या सायकलींना. मागचा तरी नक्की होता.