लाल पट्टा किती जाड?

(सोसायटीचा ‘जुने संगणक’ ग्रुप)

अथर्व: काका, तुम्ही सांगितलेला फ्यूज एम्युलेटर (आजच्या संगणकावर जुनं मशीन चालवणारा प्रोग्रॅम) टाकला. स्पेक्ट्रम, तो ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, चालू झाला. पांढरा स्क्रीन, खाली १९८२ आणि सिंक्लेअर रिसर्च. स्वतःचं नाव छापून झालं, फॉर लूप लावून पडदाभर छापून झालं. आता पुढे काय? खरं सांगू, यात रमण्यासारखं काय आहे ते अजून कळलं नाही.

कुलकर्णीकाका: नाव छापून नाही कळणार. हे टाईप कर. पोक म्हणजे मेमरीच्या एका खणात आकडा टाकायची आज्ञा.
पोक २२५२८, १६
आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात बघ. (कोड देवनागरीत लिहितोय, कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा येतो. समजून घे.)

अथर्व: छोटा लाल चौकोन आला.

कुलकर्णीकाका: आता १६ च्या जागी १४४.

अथर्व: लुकलुकायला लागला! हे काय?

कुलकर्णीकाका: २२५२८ पासून पुढचे ७६८ बाइट (बाइट म्हणजे मेमरीचा एक खण, आठ बिटांचा) म्हणजे पडद्याचे रंग. ३२ आडवे, २४ उभे, प्रत्येक चौकोनाला एक बाइट. खालचे तीन बिट शाईचा रंग, पुढचे तीन कागदाचा, मग एक उजळपणाचा आणि शेवटचा लुकलुकण्याचा. लाल म्हणजे २. कागद लाल हवा म्हणून ८ ने गुणलं, झाले १६. त्यात १२८ मिळवले की लुकलुक. म्हणजे १४४.

मानसी: अथर्व, इथे थांबून जरा विचार कर. आपण कामावर एक चौकोन लाल करतो तेव्हा ती आज्ञा किती जणांच्या हातून जाते? ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर, ग्राफिक्स कार्ड. चौकोन लाल होतो, पण नक्की कुणी केला ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही. इथे तू एका खणात एक आकडा टाकलास आणि तो खण म्हणजेच पडदा. मधे कुणी नाही. मला या मशीनचं वेड लागलं ते एवढ्यासाठीच.

शिंदेदादा: झालं सुरू स्पेक्ट्रमपुराण. कमोडोर ६४ वर (तोही त्याच काळातला घरगुती संगणक) ५३२८० ला पोक केलं की बॉर्डरचा, म्हणजे चित्राभोवतीच्या चौकटीचा, रंग बदलतो, ५३२८१ ला पार्श्वभूमीचा. हे काही तुमच्या एकट्याचं नाही.

जयश्रीकाकू: दादा, तुमच्याकडे पोक केल्याशिवाय दुसरं काही करताच येत नाही हो. 😄 वर्तुळ काढायला आज्ञा नाही, सूर काढायला आज्ञा नाही. आमच्याकडे सर्कल म्हटलं की वर्तुळ, बीप म्हटलं की सूर.

शिंदेदादा: काकू, तुमच्याकडे बीप वाजत असताना बाकी सगळं ठप्प असतं, ते पण सांगा. आमच्याकडे आवाजासाठी सिड चिप आहे, तीन आवाज एकदम. हार्डवेअर स्प्राइट (चिपच हलवते अशी छोटी चित्रं) आठ, प्रत्येकी २४ बाय २१ ठिपके. हलवायचा तर दोन आकडे बदला, चित्राला हात लावायची गरज नाही.

मानसी: अहो, तेच तर. तुमचा स्प्राइट चिप हलवते. आमचा आम्हाला पुसावा लागतो, मागचं चित्र परत ठेवावं लागतं, नवीन जागी काढावा लागतो, तेही पडद्याचा किरण तिथे पोचायच्या आत. आयतं मिळालं तर लिहायचं काय?

शिंदेदादा: गैरसोयीला गुण म्हणायची कला तुमच्याकडून शिकावी.

अथर्व: दोघं भांडून झालात की सांगा. मी १६३८४ ते २२५२७ पर्यंत लूप लावून सगळीकडे २५५ टाकलं. रेघा भलत्याच क्रमाने येतायत. पहिली रेघ सगळ्यात वर, दुसरी तिच्या आठ ओळी खाली, मग अजून आठ ओळी खाली… वरचा एक तृतीयांश भाग असा भरला, मग मधला. बिघडलंय का काही?

कुलकर्णीकाका: काही बिघडलेलं नाही. याच्यासाठीच मी तुला लूप लावायला सांगणार होतो, तू आधीच लावलास. शाब्बास.

पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. एका बाइटमध्ये आठ ठिपके, म्हणजे एका रेघेला ३२ बाइट. पण पुढचे ३२ बाइट लगेच खालच्या रेघेचे नाहीत, पुढच्या अक्षरओळीच्या माथ्याचे आहेत. पडद्याचे ६४-६४ रेघांचे तीन भाग केलेत आणि प्रत्येक भागात हा उड्या मारण्याचा प्रकार. टेपवरून गेम लोड होताना चित्र खिडकीच्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्यासारखं का भरत जायचं, ते यामुळेच.

अथर्व: पण असं विचित्र का केलं?

कुलकर्णीकाका: एका अक्षराच्या आत एक रेघ खाली जायचं तर पत्ता २५६ ने वाढतो. झेड८० या स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरमध्ये पत्ता एच आणि एल या दोन खणांच्या जोडीत, म्हणजे एचएल मध्ये ठेवतात. २५६ ने वाढवणं म्हणजे फक्त एच एकाने वाढवणं. एक बाइटची सूचना, चार टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके). अक्षर छापायला याहून स्वस्त काही नाही. आठव्या रेघेनंतर मात्र हिशोब करावा लागतो, तिथे सगळ्यांची फे फे उडते. ज्याने त्याने स्वतःचा तोडगा काढलेला असतो. कुणी १९२ पत्त्यांचा तक्ताच मेमरीत ठेवून देतं.

जयश्रीकाकू: अथर्व, तू यांच्या नादाने लगेच मशीन कोडकडे (प्रोसेसरला थेट आकड्यांत दिलेल्या सूचना) पळू नकोस. बेसिकमध्ये, म्हणजे तू आत्ता लिहितोयस त्या भाषेत, पुष्कळ आहे. मला आवडतो तो कंजूषपणा. बेसिकच्या ओळीत कुठलाही आकडा लिहिला की मशीन तो दिसतो तसा तर ठेवतंच, शिवाय पाठीमागे सहा बाइट जादा लावतं. म्हणजे साधं शून्य लिहिलं तरी सात बाइट. म्हणून लोक शून्याऐवजी ‘नॉट पाय’ लिहायचे. दोन बाइटमध्ये काम. एकाऐवजी ‘एसजीएन पाय’.

अथर्व: पाय म्हणजे ३.१४ वालं? 😂

जयश्रीकाकू: हो. पाय शून्य नाही, म्हणून नॉट पाय शून्य. पाय धन आहे, म्हणून त्याचं चिन्ह एक. १६ केबीच्या मॉडेलवर पडदा आणि मशीनचा स्वतःचा पसारा वजा जाता हातात नऊ-एक केबी उरतात. तिथे असे पाच-पाच बाइट वेचायला लागतात. थोडं हळू चालतं, पण मावतं.

मानसी: मी कामावर असं काही लिहिलं तर रिव्ह्यूत हाकलून देतील.

जयश्रीकाकू: म्हणून तर इथे लिहायचं. बरं अथर्व, तुला एक काम देते. स्पेक्ट्रमवर स्वतःची अक्षरं काढता येतात. ए पासून यू पर्यंत २१ जागा मोकळ्या आहेत, प्रत्येकी आठ बाइट. मी त्यात मराठी अक्षरं काढायला घेतलीत. हा माझा ‘ग’:

■■■■■■■■ २५५
□□■□□□■□ ३४
□□■□□□■□ ३४
□□■□□□■□ ३४
□■■□□□■□ ९८
□■■□□□■□ ९८
□□□□□□■□ २
□□□□□□■□ २

अथर्व: वा काकू! ओळखू येतोय की.

जयश्रीकाकू: वरची ओळ अख्खी २५५ ठेवली आहे ना, ती बघ. इंग्रजी अक्षरांत बाजूला एक रकाना मोकळा सोडतात, नाहीतर अक्षरं चिकटतात. आपल्याला ती चिकटायलाच हवीत. शेजारी-शेजारी छापली की शिरोरेषा आपोआप जुळते, त्यासाठी वेगळं काहीच करावं लागत नाही.

कुलकर्णीकाका: पण २१ मध्ये मुळाक्षरं तरी कशी बसणार?

जयश्रीकाकू: बसत नाहीत. म्हणून पुढची पायरी. २३६०६ आणि २३६०७ या दोन खणांत अक्षरांचा साचा कुठे आहे तो पत्ता असतो. खऱ्या जागेपेक्षा २५६ कमी लिहायचा, कारण छापायच्या अक्षरांचे क्रमांक ३२ पासून सुरू होतात आणि ३२ गुणिले ८ म्हणजे २५६. तो पत्ता आपल्या साच्याकडे वळवला की ९६ जागा मिळतात, ७६८ बाइटमध्ये. इंग्रजी हवी तेव्हा पत्ता परत पूर्वीसारखा करायचा.

अथर्व: आणि वेलांट्या?

जयश्रीकाकू: तिथेच घोडं अडलंय. वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, म्हणजे वरच्या चौकोनात. मग मजकुराची एक ओळ म्हणजे पडद्याच्या दोन ओळी. प्रिंटला २२ ओळी मिळतात, त्यात आपल्या ११ बसतात. ते चालेल. उकाराने जास्त छळलंय. त्याला खाली जागाच नाही, अक्षराच्या अंगावरच काढावा लागतो. ‘ओव्हर १’ लावून एकावर एक छापता येतं, पण ते एक्सऑर आहे. दोन्हीकडे ठिपका असेल तर तो पुसला जातो! ‘गु’ काढायला गेलं की दांडीच तुटते. उपाय असा की उकाराच्या चित्रातून दांडीचा रकाना वगळायचा. मग दांडी अक्षराची आणि वळण उकाराचं. ज्यांची दांडी दुसरीकडे आहे, र, ट, ड, ह वगैरे, त्यांचा उकार वेगळा.

शिंदेदादा: काकू, हे जबरदस्त आहे. कमोडोरवर करून बघतो. आमच्याकडे कॅरॅक्टर सेट रॅममध्ये हलवता येतो, २५६ अक्षरं मिळतात. जोडाक्षरांनासुद्धा जागा होईल.

जयश्रीकाकू: करा. तुमची मशीन एवढ्यापुरती बरी म्हणते मी.

अथर्व: काका, बेसिकमधून पडदा भरायला फार वेळ लागतो. एक-एक रेघ सावकाश सरकते. मशीन कोडमध्ये खरंच फरक पडतो का?

कुलकर्णीकाका: स्वतःच बघ. आधी ‘क्लिअर ३२७६७’, म्हणजे बेसिक त्या पुढच्या मेमरीला हात लावणार नाही. मग ३२७६८ पासून हे १४ आकडे ओळीने पोक कर:
३३, ०, ६४, १७, १, ६४, १, २५५, २३, ५४, २५५, २३७, १७६, २०१
आणि ‘रँडमाइज यूएसआर ३२७६८’, म्हणजे तिथला मशीन कोड चालव.

अथर्व: … अहो, काही कळायच्या आत काळा झाला पडदा!

कुलकर्णीकाका: पहिले तीन आकडे: एचएल मध्ये १६३८४. पुढचे तीन: डीई मध्ये त्याच्या पुढचा खण. पुढचे तीन: बीसी मध्ये ६१४३, म्हणजे किती वेळा. ५४, २५५: पहिल्या खणात २५५ ठेव. २३७, १७६ ही एलडीआयआर, इथून उचल, तिथे ठेव, पुढे सरक, बीसी संपेपर्यंत. २०१ म्हणजे घरी परत. यातला एकही आकडा असा नाही की ज्याचं काम मला सांगता येत नाही.

मानसी: आता माझी पाळी. अथर्व, तुला वाटतंय ना हे झटक्यात झालं? झेड८० सेकंदाला ३५ लाख टी-स्टेट चालतो. पडदा सेकंदाला ५० पेक्षा किंचित जास्त वेळा रंगतो. म्हणजे एका फ्रेमला ६९,८८८ टी-स्टेट, तेवढंच भांडवल. एलडीआयआर एका बाइटला २१ खातं. ६१४३ गुणिले २१ कर.

अथर्व: १,२९,००३. म्हणजे जवळपास दोन फ्रेम.

मानसी: आणि पडद्याची मेमरी यूएलए, म्हणजे चित्र रंगवणारी चिपही वाचत असते. ती वाचत असताना प्रोसेसरला थांबावं लागतं, म्हणून प्रत्यक्षात अजून जास्त. म्हणजे अख्खा पडदा दर फ्रेमला एलडीआयआरने भरता येत नाही. मग लोकांनी काय केलं? स्टॅक (परत यायचे पत्ते ठेवायची प्रोसेसरची जागा) उचलून पडद्याच्या शेवटी नेऊन ठेवला! एक पुश, म्हणजे स्टॅकवर ठेवायची सूचना, ११ टी-स्टेटमध्ये दोन बाइट लिहितं. तेच ६१४४ बाइट ३३,७९२ मध्ये, यूएलएची अडवणूक वेगळी. त्याआधी इंटरप्ट (दर फ्रेमला प्रोसेसरला मधेच थांबवणारा इशारा) मात्र बंद करायचा, नाहीतर परत यायचा पत्ता चित्रात लिहिला जातो आणि पडद्यावर किडे दिसतात.

शिंदेदादा: स्टॅकने रंगकाम. यालाच म्हणतात अडला हरी.

मानसी: आणि हे मोजायचं कसं ते ऐक, मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. रूटीन सुरू होताना बॉर्डर लाल कर, संपताना काळी. लाल करायला ६२, २, २११, २५४. काळी करायला १७५, २११, २५४. आधी ‘हॉल्ट’ टाकून फ्रेमच्या सुरुवातीची वाट बघायची, ते ११८. असं दर फ्रेमला करत राहिलं की बॉर्डरवर लाल पट्टा उभा राहतो. एक रेघ रंगायला २२४ टी-स्टेट लागतात. पट्टा जितका जाड, तितका तुझा कोड महाग. चित्र सुरू व्हायच्या आधी वर ६४ रेघा असतात, म्हणजे १४,३३६ टी-स्टेट. तेवढ्यात काम उरकलं तर चित्र अजिबात थरथरत नाही. प्रोफायलर, आलेख, रिपोर्ट काही नाही. सूचना बदलली, पट्टा आखडला. मी रविवारची दुपार दोन रेघा कमी करण्यात घालवते आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

कुलकर्णीकाका: माझ्याकडे खरं मशीन आहे, त्यावर हा पट्टा बघायला ये कधीतरी. एम्युलेटरवर तसाच दिसतो, हे आधीच सांगतो. फक्त जुन्या टीव्हीवर तो जरा हलतो-डुलतो.

शिंदेदादा: काका, कीबोर्डची रिबन जपा. ती वाळली की तडकते. रोजचं लिखाण एम्युलेटरवरच करावं, मी तरी तसंच करतो. पीसीवर असेंबलर (सूचनांचे आकडे करून देणारा प्रोग्रॅम), सेव्ह केलं की लगेच चालवून बघायचं.

जयश्रीकाकू: मी अजून वहीत लिहून मग आकडे टाकते.

मानसी: काकू, तुमचा उकाराचा प्रकार मशीन कोडमध्ये करू या का? एक्सऑर ऐवजी ऑर (दोन्हीपैकी कुठेही ठिपका असला की तो ठेवतो) वापरला की दांडी तुटायचा प्रश्नच मिटेल. एकाच उकारात सगळी अक्षरं.

जयश्रीकाकू: ‘र’, ‘ट’, ‘ड’, ‘ह’ सुद्धा? त्यांचा उकार वेगळ्या जागी लागतो ग.

मानसी: बरोबर. ते अपवाद तक्त्यात घालू. तुम्ही चित्रं द्या, मी रूटीन लिहिते.

अथर्व: मी हॉल्ट आणि बॉर्डरचं जोडतोय. १४ आकड्यांच्या आधी ११८, ६२, २, २११, २५४ आणि २०१ च्या आधी १७५, २११, २५४. पण परत परत चालवायचं तर शेवटी उडी लागेल ना?

मानसी: हो, २०१ काढ आणि तिथे १९५, ०, १२८ टाक. ३२७६८ ला परत जाईल, रीसेट करेपर्यंत थांबणार नाही, त्यामुळे आधी सेव्ह कर. आणि ६१४३ ऐवजी आधी ५११ टाकून बघ, म्हणजे २५५, १. पट्टा किती रेघांचा आला ते इथे टाक.