'मातीचे पाय' की 'माती खाल्ली'?

गेल्या रविवारी भाचीला घेऊन नाशिकच्या आनंदवल्लीला गेले होते. गोदेच्या काठी उभं राहून मी तिला सांगत होते की इथे राघोबादादांचा वाडा होता, गावाला नाव पडलं ते आनंदीबाईंवरून. भाची नववीत आहे. तिने सरळ विचारलं, "मावशी, राघोबादादा चांगले होते की वाईट?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अगं, मोठ्या माणसांचेही पाय मातीचेच असतात."

"म्हणजे काय?"

मला ते धड सांगता येईना. रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार, आणि तो फोडून सांगायची वेळ आली तर जीभ अडली. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

'मातीचे पाय' हे मुळात आपल्याकडचं नाही. ते बायबलातलं. दानिएलाच्या पुस्तकात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला स्वप्नात एक प्रचंड पुतळा दिसतो. डोकं सोन्याचं, छाती रुप्याची, खाली पितळ, मग लोखंड, आणि पावलं थोडी लोखंडाची, थोडी मातीची. एक दगड येऊन त्या पावलांवर आदळतो आणि सोन्याच्या डोक्यासकट सगळ्याचा भुगा होतो. वारा तो उडवून नेतो. हे चित्र इंग्रजीवाटे मराठीत आलं आणि रुळलं. शब्द रुळला याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या चित्रात पुतळा उरत नाही. एक कच्ची जागा सापडली की सारंच संपतं. थोर माणसाची चूक दाखवली की आपल्याकडे लोक अंगावर धावून येतात, त्यांच्या मनात कुठेतरी हेच भय असणार.

आपल्याकडे मातीची अशी भीती नाही. शाडूचा गणपती नखशिखान्त मातीचा असतो. पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा होते. पाय मातीचे म्हणून कुणी नमस्कार थांबवत नाही.

दोष सांगायला मराठीचा स्वतःचा वाक्प्रचार आहे 'माती खाणे'. "एवढा हुशार माणूस, पण तिथे माती खाल्लीन." यात क्रियापद आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. पाय मातीचे 'असतात', ते बदलत नाहीत. माती मात्र 'खाल्ली' जाते, एका ठिकाणी, एका वेळी. ती कधी आणि कुठे खाल्ली हे सांगावं लागतं, आणि बाकीचा माणूस जागेवर राहतो.

आता राघोबादादांकडेच बघा. 1758 साली त्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजांनी लाहोर घेतलं, त्या थेट अटकेपर्यंत गेल्या. आजही कुणाची मुलगी परदेशात नाव काढते तेव्हा आपण 'अटकेपार झेंडा लावला' म्हणतो. ही 'राघोभरारी'. 1768 मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या धोडपला माधवराव पेशव्यांनी या काकांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. मग 30 ऑगस्ट 1773. पुतण्या नारायणराव, वय 18, गारद्यांनी वाड्यातच मारला. त्यातून भाषेला मिळालं 'ध चा मा करणे'.

गौरवाचा एक वाक्प्रचार, कलंकाचा एक, आणि दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यातून आलेले. मी दोन्ही आयुष्यभर वापरले, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आपण दोन कप्पे केले आणि मधली भिंत इतकी पक्की बांधली की अटकेपार जाणारा वेगळा आणि पुतण्याला धरायचा हुकूम देणारा वेगळा. त्यातही 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं असं परंपरा सांगते. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं ते राघोबांना, आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तेही त्यांनाच. बोलीने मात्र खापर बाईच्या माथी फोडलं. आवडत्या पुरुषाचा दोष झाकायचा तर शेजारच्या बाईवर ढकलायचा, ही खोड भाषेतही मुरली आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथे माझी मलाच अडचण येते. खुनाला 'माती खाल्ली' म्हणणं फार हलकं होतं. तो अपराध, त्याला अपराधच म्हटलं पाहिजे. हलक्या कानाचे असणं ही उणीव. चुलत्या-पुतण्यांत तलवार काढणं ही माती खाणं. नारायणरावांचं जे झालं तो अपराध. तिन्हींना 'मानवी दोष' असं एकच गुळगुळीत नाव दिलं की अपराध लहान होतो आणि उणीव उगाच मोठी.

आणखी एक गोष्ट, अनुस्वाराएवढी. कौतुक करताना आपण 'दादांनी लाहोर घेतलं' म्हणतो आणि दोष सांगताना 'राघोबाने पुतण्या मारवला'. 'नी'चं 'ने' होतं. चूक सांगायची म्हणजे आधी माणसाला एकेरीवर आणायचं! मला वाटतं दोन्ही वाक्यांत एकच प्रत्यय ठेवावा. गांधीजींनी 1919 साली लोकांची तयारी नसताना सत्याग्रह पुकारला याला स्वतःच 'हिमालयाएवढी चूक' म्हटलं. तो शब्दप्रयोग आपण सर्रास वापरतो, आणि त्यामुळे 'गांधीजीं'चं 'गांधी' करावं लागत नाही.

आणि एकेरीतही आदर असतो, हे आमच्या आजीमुळे मला ठाऊक आहे. पंचवटीत तिचं आयुष्य गेलं. तांदूळ निवडताना ती जात्यावरची ओवी गुणगुणायची. त्या ओवीत सीता 'हिरकणी' आणि राम 'हलक्या दिलाचा' असतो. सीतेला वनात धाडलं म्हणून. सुपातला खडा चिमटीत धरून ती तो शब्द अगदी सावकाश म्हणायची, 'हलक्या'वर थोडी थांबून. आणि कामदा एकादशीला रामाचा रथ निघाला की हीच आजी दुपारपासून रस्त्याच्या कडेला नारळ घेऊन उभी. तिने ओवी गिळली नाही आणि रथही चुकवला नाही. 'तुझा राम हलक्या दिलाचा ना?' असं मी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आहेच. म्हणून काय तो माझा नाही?"

भाचीने घरी येऊन वहीत लिहिलं: "राघोबादादांनी लाहोर घेतले. राघोबादादांनी नारायणरावांना धरण्याचा हुकूम दिला." दोन्हीकडे 'नी'. मी काही खोडलं नाही.

आता मला तुमच्याकडून शब्द हवे आहेत. 'हलक्या दिलाचा'सारखे, घरात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असलेले, ज्यांनी दोष नेमका सांगितला जातो आणि माणूस परका होत नाही. खानदेशात, वऱ्हाडात, कोकणात काय म्हणतात?