'एस' वैमानिक म्हणजे नेमकं कोण, आणि आजच्या हवाई दलांत ते आहेत का?

विचारणा

हवाई युद्धावरच्या मराठी लेखांत 'एस पायलट', 'फायटर एस', 'एक्का वैमानिक' असे निरनिराळे शब्द वाचायला मिळतात. काही ठिकाणी तर कुठल्याही तरबेज लढाऊ वैमानिकाला सरसकट 'एस' म्हटलेलं असतं. हा हुद्दा आहे की पदवी? आणि आजच्या हवाई दलांत असे एस आहेत का, की हा शब्द आता इतिहासापुरताच उरला आहे?

प्रतिसाद

हुद्दा नाही आणि पदकही नाही. 'एस' (इंग्रजी ace) हा मोजणीचा शब्द आहे. हवाई लढाईत शत्रूची किमान पाच विमानं पाडल्याची खात्रीशीर नोंद ज्याच्या नावावर आहे, तो एस. कौशल्य, धाडस, उड्डाणाचे तास यांतलं काहीही या व्याख्येत येत नाही. त्यामुळे उत्तम वैमानिक आयुष्यभर एस होत नाही आणि एखादा नवखा एका दिवसात होऊ शकतो.

शब्द पहिल्या महायुद्धातला. आदोल्फ पेगू या फ्रेंच वैमानिकाला १९१५ साली तिकडच्या वृत्तपत्रांनी पत्त्यातल्या एक्क्याची उपमा दिली आणि ती रुळली. सुरुवातीपासून हा शब्द सैन्यापेक्षा वृत्तपत्रांचा जास्त. खंदकांतल्या युद्धात हजारो माणसं बिननावाची मरत असताना लोकांना एक चेहरा, एक नाव आणि वाढत जाणारा आकडा हवा होता. जर्मनांनी त्यासाठी 'तोफ' या अर्थाचा शब्द वापरला आणि अट कडक ठेवली. ब्रिटिशांनी अधिकृतपणे ही प्रथा स्वीकारलीच नाही, तरी त्यांची वृत्तपत्रं आकडे छापत राहिली. जर्मनीच्या मानफ्रेड फॉन रिश्टहोफेनचे ८० विजय आजही सगळ्यांना पाठ आहेत, ते या प्रसिद्धीमुळेच.

भारतीयांपैकी या व्याख्येत निर्विवाद बसणारं नाव इंद्रलाल रॉय यांचं. जुलै १९१८ मध्ये, दोन आठवड्यांच्या आत, त्यांच्या नावावर दहा विजय नोंदले गेले आणि २२ जुलैला ते लढाईत मारले गेले. वय १९. त्यांचं नाव आपल्याकडे फार कमी वेळा घेतलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रतिसाद

'खात्रीशीर नोंद' यातच सगळी मेख आहे. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटनने १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं; प्रत्यक्षात ती साठच्या आसपास होती. वैमानिक खोटं बोलत होते असं नाही. एकाच जळत्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तिघांनी ते कोसळताना पाहिलं, तिघांनी परतल्यावर तेच सांगितलं. आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे मुहम्मद महमूद आलम. ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्याजवळ त्यांनी एका मिनिटाच्या आत भारताची पाच हंटर लढाऊ विमानं पाडली, असं पाकिस्तान सांगतं. भारतीय बाजू हा आकडा मान्य करत नाही. अशा वेळी 'एस होते' असं न लिहिता 'पाकिस्तानच्या नोंदीनुसार एस' असं लिहावं.

विचारणा करणाऱ्याकडून

धन्यवाद. पण आज कोणी आहे का, हे राहिलंच.

प्रतिसाद

माणूस बसलेल्या विमानांचाच हिशेब धरला, तर अमेरिकेत १९७२ नंतर एकही नवा एस झालेला नाही. व्हिएतनाम युद्धात त्यांचे पाच झाले, आणि त्यातली एक गोष्ट या चर्चेसाठी फार महत्त्वाची आहे. एफ-४ फँटम या लढाऊ विमानात दोघं बसत. पुढचा विमान उडवायचा आणि क्षेपणास्त्र सोडायचा. मागचा रडारच्या पडद्यावर शत्रू शोधायचा, त्याच्यावर रडार लावून ठेवायचा, पुढच्याला दिशा आणि अंतर सांगत राहायचा आणि मान वळवून शेपटीमागे कोणी येत नाही ना हे पाहायचा. विमान पडलं की श्रेय दोघांनाही पूर्ण मिळायचं. त्या युद्धात अमेरिकेकडून सर्वाधिक, म्हणजे सहा विजय चार्ल्स डिबेलव्ह्यू यांच्या नावावर आहेत, आणि ते तेव्हा वैमानिक नव्हते. मागच्या आसनावर बसत. त्यातले चार विजय त्यांना पुढच्या आसनावरच्या स्टीव्ह रिची यांच्याबरोबर मिळाले. म्हणजे 'एस वैमानिक' हा जोडशब्दसुद्धा काटेकोर नाही.

पुढे इस्रायलच्या गिओरा एपस्टाइन यांचे १७ विजय झाले, त्यातले बहुतेक १९७३ च्या युद्धातले. इराण-इराक युद्धात इराणचे जलील झांदी एफ-१४ वरून एस ठरल्याचं मानतात. त्यानंतर ओघ आटला. १९९१ च्या आखाती युद्धात इतकी विमानं उडाली, पण पाचाचा आकडा कोणीच गाठला नाही. अमेरिकेच्या सीझर रॉड्रिग्ज यांनी त्या युद्धात दोन आणि १९९९ मध्ये कोसोव्होच्या वेळी एक, असे तीन विजय मिळवले. जून २०१७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या विमानाने सीरियाचं सुखोई-२२ पाडलं, तेव्हा १९९९ नंतर प्रथमच अमेरिकेने माणूस बसलेलं विमान हवेत पाडलं होतं. अठरा वर्षांत एक! अशा जगात पाच विजय मिळणार कुणाला?

वैमानिकांची धमक कमी झालेली नाही. पाडायला विमानंच समोर येत नाहीत. पहिल्या रात्रीच धावपट्ट्या उखडल्या जातात, विमानं जमिनीवर नष्ट होतात. १९९१ मध्ये इराकची शंभराहून अधिक विमानं लढण्याऐवजी इराणात निघून गेली. जी उडतात, त्यांतली बरीच जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्रांना बळी पडतात. शिवाय एकेका हवाई दलाकडे आज जितकी लढाऊ विमानं आहेत, तितकी दुसऱ्या महायुद्धात काही आठवड्यांत गमावली जात. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन वैमानिक एरिक हार्टमान यांचा ३५२ विजयांचा आकडा केवळ कौशल्याचा नाही: समोर शत्रूची विमानं प्रचंड संख्येने होती आणि जर्मन वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत उडावंच लागत होतं.

प्रतिसाद

मग ड्रोनचं काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये युक्रेनच्या एका मिग-२९ वैमानिकाने पाच शाहेद ड्रोन पाडल्याचं जाहीर झालं. एप्रिल २०२४ मध्ये इराणने इस्रायलवर ड्रोनचा मारा केला, तेव्हा अमेरिकी एफ-१५ विमानांनी एका रात्रीत डझनांनी ड्रोन पाडले. माझ्या मते हे मोजायला हवेत. रात्रीच्या अंधारात, जमिनीलगत, संथपणे उडणाऱ्या लहानशा लक्ष्यामागे वेगवान लढाऊ विमान घेऊन जाणं जिवावरचं काम आहे. त्या युक्रेनी वैमानिकाच्या विमानाला पाडलेल्या ड्रोनचेच तुकडे लागले आणि त्याला उडी घ्यावी लागली.

प्रतिसाद

धोका मान्य, पण इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. पहिल्या महायुद्धात निरीक्षणाचे फुगे मोजले जात. अमेरिकेच्या फ्रँक ल्यूक यांच्या १८ विजयांपैकी १४ फुगे होते. ते फुगे दोराला बांधलेले असले तरी भोवती विमानविरोधी तोफांचं कडं असे, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. उलट १९४४ मध्ये जर्मनीचे व्ही-१ हे उडते बाँब पाडणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांचा हिशेब विमानांपासून वेगळा ठेवला गेला. जोसेफ बेरी यांनी असे साठच्या आसपास बाँब पाडले. ठरावीक दिशेने जाऊन आदळणारा शाहेद मला व्ही-१ च्या जवळचा वाटतो. म्हणून ड्रोनचा आकडा जरूर द्यावा, पण वेगळा.

विचारणा करणाऱ्याकडून

पटलं. आता मराठीत लिहायचं कसं?

प्रतिसाद

'एस' टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. देवनागरीत तो इंग्रजी अक्षरासारखा वाचला जातो. त्याच लेखात पुढे 'एस-४००' आलं, तर वाचक गोंधळणारच. 'एक्का' आपल्या तोंडी आहे आणि मूळ उपमाही पत्त्यांचीच. अडचण एवढीच की 'हुकमी एक्का' म्हटलं की मराठी माणसाला खात्रीने डाव जिंकून देणारा आठवतो, पाच विमानं आठवत नाहीत. म्हणून पहिल्या उल्लेखात 'हवाई एक्का, म्हणजे शत्रूची किमान पाच विमानं पाडणारा' असं लिहावं आणि पुढे नुसतं 'एक्का'. 'वैमानिक' न जोडल्यामुळे मागच्या आसनावरचा माणूसही त्यात सामावतो.

'रिची १९७२ मध्ये हवाई एक्का ठरले' हे बरोबर. 'संचलनात हवाई दलाचे एक्के कसरती दाखवतील' हे चूक. तिथे निष्णात, कसलेले, वाकबगार यांपैकी काहीही चालेल. २०२२ मध्ये एकट्याने रशियाची विमानं पाडणारा वैमानिक म्हणून गाजलेल्या 'कीव्हच्या भुता'ला तर एक्का म्हणूच नये. ती एक व्यक्ती नसून राजधानीचं रक्षण करणाऱ्या सगळ्या वैमानिकांचं प्रतीक आहे, असं युक्रेनच्या हवाई दलानेच एप्रिल २०२२ च्या अखेरीस सांगितलं. ड्रोन पाडणाऱ्यांबद्दल लिहिताना 'पाच ड्रोन पाडणारा लढाऊ वैमानिक' एवढं पुरेसं आहे.