मदत हवी आहे : आईला कोलेस्टेरॉलच्या गोळीचा त्रास झाला, त्याची अधिकृत नोंद कशी करायची?

नमस्कार मंडळी,

इतके दिवस वाचनमात्रच होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलचक होणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा.

आई ६७ वर्षांची, सांगलीला असते. अँजिओप्लास्टी झालेली आहे, एक स्टेंट आहे, तेव्हापासून रोज रात्री अटोरवास्टॅटिन ४० (स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी) चालू, सोबत रक्त पातळ करायची गोळी आणि बीपीची. सगळं व्यवस्थित चाललेलं. यंदा मे महिन्यात मांड्या आणि दंड दुखायला लागले, आधी वाटलं उन्हाळी कामं केली, पापड-कुरडया झाल्या त्याने असेल. पण दुखणं वाढतच गेलं आणि मग नुसतं दुखणं राहिलं नाही, ताकदच गेली. देवपूजा करून पाटावरून उठायचं तर आधी बाजूच्या खुर्चीला धरायचं, मग एका हाताने जमिनीला रेटा द्यायचा, तरी एका झटक्यात उठणं नाहीच. वेणी घालताना हात वर धरवेना, दोन पेड झाले की हात खाली ठेवून बसायची, मग परत. ज्या बाईने आयुष्यभर पहाटे उठून विहिरीवरून पाणी आणलं तिला कुकरचं झाकण लागेना. आम्ही सुट्टीला गेलो तेव्हा मी हे डोळ्याने पाहिलं.

डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले वय झालंय, कॅल्शियम आणि डी घ्या. फाईलवर लिहिलं ‘जनरल वीकनेस’. आईने दोनदा विचारलं की ही कोलेस्टेरॉलची गोळी घेतल्यावर अंग दुखतं का हो, तर उत्तर आलं की सगळे तेच विचारतात, मोबाईलवर वाचून येता. नंतर माझी मामेबहीण जी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते तिच्याशी बोलताना विषय निघाला, तर ती म्हणाली तिकडे गोळीच्या प्रत्येक खोक्यात कागद असतो आणि त्यावर लिहिलेलंच असतं की स्नायू दुखले, अशक्तपणा आला तर लगेच डॉक्टरला सांगा, सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणाऱ्या घटकाची रक्ततपासणी) करून घ्या. मग आम्ही आपणच लॅबमध्ये जाऊन सीपीके केलं. २१४०. नॉर्मल १७० पर्यंत. दहा पटींच्या वर!

रिपोर्ट बघितल्यावर मात्र डॉक्टरांनी तिथल्या तिथे गोळी बंद केली, नशिबाने क्रिएटिनिन नॉर्मल होतं म्हणजे किडनीवर काही आलं नाही. आता सीपीके २६० वर आलंय, आई वेणी घालते, जिना चढते, हळूहळू का होईना.

आता मूळ प्रश्न. मी म्हटलं फाईलवर एवढं लिहून द्या की स्टॅटिनमुळे स्नायूंना त्रास झाल्याची शक्यता. तर ते लिहायला तयार नाहीत. सीपीके कशानेही वाढतं, गोळी बंद केली ना, मग नोंद कशाला पाहिजे असं म्हणाले. मला भांडायचं नाहीये, नुकसानभरपाई तर अजिबातच नकोय. मला फक्त एवढंच हवंय की जे झालं ते कुठेतरी कागदावर यावं. उद्या आई दुसऱ्या गावी ॲडमिट झाली तर तिथला डॉक्टर स्टेंट बघून परत तीच गोळी तोच डोस चालू करेल, आणि मी फोनवर कोणाला काय समजावणार?

आणि आईचंच नाही. या विषयावर वाचायला लागले तर कळलं की बाहेरच्या देशांत पेशंट लोकांनी हे किती वर्षं लावून धरलंय. २००१ च्या ऑगस्टमध्ये बायर या औषध कंपनीने सेरिवास्टॅटिन नावाचं स्टॅटिन बाजारातून काढून घेतलं, अमेरिकेत ३१ मृत्यू झाले होते स्नायू विरघळून किडनी बंद पडल्याने. त्याच महिन्यात पब्लिक सिटिझन या ग्राहक संघटनेने तिथल्या एफडीएकडे (औषधांवर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं) अर्ज केला की सगळ्याच स्टॅटिनवर ठळक चौकटीत इशारा छापा आणि पेशंटला समजेल असा कागद द्या. चौकट काही मिळाली नाही. ड्वेन ग्रेव्हलाइन म्हणून नासाचे माजी अंतराळवीर होते, स्वतः डॉक्टर, त्यांना अटोरवास्टॅटिन घेत असताना काही तास स्मृती जाण्याचे प्रकार झाले, कोणी मानेना तेव्हा ते जाहीरपणे बोलायला लागले आणि जगभरातून लोक त्यांना आपले अनुभव लिहून पाठवायला लागले. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठात बिअट्रिस गोलोम्ब यांनी पेशंटकडूनच माहिती गोळा केली, त्यांच्या २००७ च्या पेपरमध्ये हेच आहे की विषय बहुतेक वेळा पेशंटच काढतो आणि डॉक्टर गोळीशी संबंध नाही म्हणून सांगतात. वाचताना मला आमचीच केबिन दिसत होती. पुढे ब्रिटनमध्ये २००९ साली स्टॅटिनच्या माहितीपत्रकात झोपेचा त्रास, विसरभोळेपणा, नैराश्य वगैरे घातलं, अमेरिकेत २०१२ ला स्मृती आणि साखर वाढण्याबद्दल घातलं. म्हणजे लोकांनी कळवत राहिल्यावर कागद बदलतो हे नक्की.

आपल्याकडे तो कागदच नसतो हो! मेडिकलवाला कात्रीने दहाची स्ट्रिप कापून सहा गोळ्या देतो, नाव अर्धं तुटलेलं, एक्स्पायरी त्याच्याकडच्या तुकड्यावर. मागे तांबडी रेघ आणि बारीक इंग्रजी. माझी आई सातवी शिकलेली, तिला मराठी पेपर रोज लागतो, अग्रलेखासकट वाचते. तिला मराठीत चार ओळी मिळाल्या असत्या तर तिने मे महिन्यातच गोळी घेऊन डॉक्टरांसमोर ठेवली असती.

तर मदत ही हवी आहे : भारतात पेशंटने स्वतः साइड इफेक्ट कळवायची सोय आहे का, डॉक्टरची सही लागते का, कोणी केलंय का. आणि ज्यांना किंवा ज्यांच्या घरच्यांना स्टॅटिनने खरंच त्रास झालाय, रिपोर्टसकट, त्यांनी इथे लिहा. पुरेसे लोक झाले तर मिळून पत्र लिहू की मराठीत माहितीपत्रक द्या. एक विनंती, इथे ‘कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे, सगळ्या गोळ्या फेकून द्या’ वाले फॉरवर्ड टाकू नका. आईच्या स्टेंटला औषध लागणारच आहे हे मला माहीत आहे.

– कृष्णाकाठ

.

प्रतिसाद – औषधवाली

ताई, मी बी.फार्म, पंधराएक वर्षं काउंटरवर उभी आहे. सोय आहे आणि सही लागत नाही. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया, पीव्हीपीआय म्हणतात, २०१० पासून आहे, मुख्य ऑफिस गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. टोल फ्री १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळात लावा. पेशंटसाठी वेगळा साधा फॉर्म आहे, तो मराठीतही आहे, त्यांच्या साइटवर मिळतो. नाहीतर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या फार्माकॉलॉजी विभागात जा, बऱ्याच कॉलेजांत एडीआर (औषधांचे साइड इफेक्ट) मॉनिटरिंग सेंटर आहे, मुंबईत केईएमला आहे. फॉर्ममध्ये पेशंटची आद्याक्षरं, वय, कुठलं औषध, किती डोस, कधी सुरू कधी बंद, त्रास कधी सुरू झाला, बंद केल्यावर कमी झाला का एवढं लागतं. नाव गुप्त राहतं. गोळीमुळेच झालं हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं, संशय पुरेसा आहे, ठरवायचं काम त्यांचं. गोळी बंद केल्यावर सीपीके उतरलं ही सगळ्यात महत्त्वाची ओळ, ती तारखांसकट लिहा.

पण मला एक विचारायचंय. इतकी वर्षं त्रास नव्हता आणि मे मध्ये अचानक का? एप्रिल-मे मध्ये आईंना दुसरं काही औषध चालू झालं होतं का? खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन, किंवा नायट्यासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल? उन्हाळ्यात गजकर्णाने सगळा महाराष्ट्र खाजवत असतो, त्या कॅप्सूल सर्रास जातात. या दोन्ही औषधांनी लिव्हरमधलं जे एन्झाइम अटोरवास्टॅटिन मोडतं तेच अडतं, मग रक्तात गोळी साठत जाते. इट्राकोनॅझोल चालू असताना अटोरवास्टॅटिन २० च्या वर न्यायची नसते, सिमवास्टॅटिन तर द्यायचीच नसते. तुम्ही सेरिवास्टॅटिनचं लिहिलंत ना, त्यातही बऱ्याच जणांना सोबत जेमफायब्रोझिल, म्हणजे रक्तातली चरबी कमी करायचं दुसरं औषध, चालू होतं.

.

प्रतिसाद – पश्चिमवारा

मी स्वतः फिजिशियन आहे. तुमच्या आईंचा त्रास खरा आहे, दहा पट सीपीके म्हणजे त्यात वादच नाही आणि फाईलवर लिहायलाच हवं होतं. पण बाकी वाचणाऱ्यांसाठी दुसरी बाजू सांगणं माझं काम आहे. २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठा आढावा आला, १९ डबल ब्लाइंड ट्रायल्स (खरी गोळी कोणाला, नकली कोणाला हे पेशंटला आणि डॉक्टरलाही माहीत नसतं), सव्वा लाखाच्या आसपास लोक. स्नायूंचा त्रास स्टॅटिनवाल्यांत २७.१ टक्के, नकली गोळीवाल्यांत २६.६ टक्के. लंडनच्या सॅमसन अभ्यासात तर साइड इफेक्टमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना दर महिन्याला बाटल्या बदलून दिल्या, कधी खरी, कधी नकली, कधी रिकामी, तर जो त्रास खऱ्या गोळीने व्हायचा त्यातला ९० टक्के नकलीनेही होत होता. त्यातले निम्मे पुन्हा गोळी घ्यायला लागले. माझ्याकडे अंगदुखीच्या भीतीने परस्पर गोळी सोडलेले आणि मग दुसरा अटॅक घेऊन आलेले पेशंट येतात म्हणून तळमळीने लिहितोय. नुसतं दुखत असेल तर आधी सीपीके, टीएसएच (थायरॉईड) आणि डी व्हिटॅमिन तपासा, गोळी स्वतःहून सोडू नका. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

.

प्रतिसाद – कृष्णाकाठ

औषधवाली ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच आईला फोन लावला. एप्रिलमध्ये कमरेला नायटा झाला होता, स्किनच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या होत्या, आईने फोटो काढून पाठवला, इट्राकोनॅझोल १००, सकाळ-संध्याकाळ, महिनाभर. स्किनवाल्यांनी हृदयाची कुठली गोळी चालू आहे हे विचारलं नाही आणि हृदयवाल्यांना कॅप्सूलचं कोणी सांगितलं नाही, आईला वाटलं त्वचेचं औषध, त्याचा हृदयाशी काय संबंध. दोन चिठ्ठ्या, दोन वेगळी दुकानं. मी अर्धा तास नुसती फोटोकडे बघत बसले होते.

डॉक्टरसाहेब, तुमचं म्हणणं पटलं, आणि ते आकडे इथे आले ते चांगलंच झालं. फक्त एक मांडते. अशा ट्रायल्समध्ये कोण घेतलं जातं हेही बघायला हवं, ब्रिटनच्या त्या मोठ्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत २०,५३६ लोक पक्के करण्याआधी सगळ्यांना काही आठवडे सिमवास्टॅटिन देऊन पाहिली होती, ज्यांना नाही झेपली ते आधीच बाहेर. आणि एप्रिलमध्ये नायट्याच्या कॅप्सूल घेणारी सांगलीची ६७ वर्षांची बाई त्यात कुठे बसते? ती फक्त अशा फॉर्ममधूनच दिसू शकते. शंभरातल्या नव्वदांचा त्रास गोळीमुळे नसेलही, पण उरलेल्यांना पण ‘वयाचं दुखणं’ म्हणून घरी पाठवलं तर ते मोजले कधी जाणार.

.

प्रतिसाद – पश्चिमवारा

मुद्दा मान्य. फॉर्ममध्ये इट्राकोनॅझोल ‘सोबत चालू असलेली औषधं’ मध्ये नक्की लिहा, डोस आणि तारखांसकट, त्याशिवाय नोंद अर्धवट राहील. आणि ही आईंसाठी एका अर्थी चांगली बातमी आहे, कारण मग स्टॅटिन कायमचंच बंद असं म्हणायची गरज नसेल. सीपीके पूर्ण उतरल्यावर तुमच्या कार्डिओलॉजिस्टशी बोला, कमी डोसमध्ये रोसुवास्टॅटिन, ते या एन्झाइमवर फारसं अवलंबून नाही, किंवा एझेटिमाइब, हे स्टॅटिन नसलेलं कोलेस्टेरॉलचं औषध. तेही नाही झेपलं तर बेम्पेडोइक ॲसिड आहे, तेही स्टॅटिन नसलेलंच, स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास १४ हजार लोकांवर त्याची ट्रायल झाली, २०२३ मध्ये निकाल आला, अटॅक वगैरे १३ टक्क्यांनी कमी झाले. अशक्तपणा परत यायला लागला किंवा गोळी बंद असूनही सीपीके उतरेना तर अँटी-एचएमजीसीआर अँटिबॉडीची टेस्ट करायला सांगा, क्वचित स्टॅटिनमुळे शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटतं आणि त्याला वेगळे उपचार लागतात.

.

प्रतिसाद – भीमथडी

आमच्या वडिलांचं सेम झालं होतं, सोलापूर, फरक एवढाच की त्यांना खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं होतं. सीपीके चार हजारांच्या वर, चार दिवस ॲडमिट. डिस्चार्ज कार्डवर फक्त ‘मायोपथी’ (स्नायूंचा आजार) लिहिलंय, कशामुळे ते नाही. हा फॉर्म असतो हेच माहीत नव्हतं. जुनी केस आता पाठवली तर चालते का? आणि पत्रात माझं नाव घाला.

.

प्रतिसाद – औषधवाली

@भीमथडी दादा, चालते, तारखा आणि रिपोर्ट असले की झालं. कार्डाची झेरॉक्स आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, बॅच नंबर असेल तर उत्तम.

.

प्रतिसाद – कृष्णाकाठ

फॉर्म भरला. आईने स्वतः बसून सांगितलं, मी लिहिलं, ‘त्रासाचं वर्णन’ च्या रकान्यात तिने ‘वेणी घालता येईना’ हेच घालायला लावलं. स्किनच्या डॉक्टरांनाही फोटोसकट मेसेज केला, त्यांनी फोन करून नीट विचारपूस केली आणि यापुढे प्रत्येकाला कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का विचारीन म्हणाले.

आता पत्र. मागणी दोनच ठेवूया, स्टॅटिनच्या स्ट्रिपसोबत मराठीत माहितीचा कागद, आणि त्यात या सोबत न चालणाऱ्या औषधांची नावं ठळक. राज्याच्या एफडीएला आणि दिल्लीच्या सीडीएस्कोला (केंद्राची औषध नियंत्रण संस्था), दोन्हीकडे. औषधवाली ताई, ती नावं तुम्ही लिहून द्याल का? डॉक्टरसाहेब, ‘गोळी स्वतःहून बंद करू नका’ हे वाक्य तुमच्या शब्दांत हवंय, ते त्या कागदावर सगळ्यात वर जायला पाहिजे. भीमथडी, व्यनि करते. अजून कोणाकडे रिपोर्ट असतील तर या रविवारपर्यंत कळवा.