मदत हवी आहे: मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (कळपाने फिरणारे आफ्रिकेतले मोठे हरणवर्गीय प्राणी) केनियातून पाहावेत की टांझानियातून?

नमस्कार मंडळी. हतनूर धरणावर पक्षी पाहणारा आमचा सहा जणांचा गट ऑगस्टअखेर निघायचं म्हणतोय. कापूस वेचणीच्या आत जळगावला परतायला हवं.

जुलै ते ऑक्टोबर कळप माराच्या दोन्ही काठांवर ये-जा करतात, नेमका दिवस कोणीच सांगू शकत नाही. तासन्‌तास काठावर थांबून अख्खा कळप माघारी फिरतो. गाड्यांनी उताराची वाट अडवली तर हमखास. म्हणून नदीजवळच सलग चार मुक्काम धरलेत. केनियाच्या बाजूला मसाई मारात गर्दी फार. टांझानियाच्या बाजूला सेरेंगेटीतलं कोगातेंडे शांत, पण नैरोबीहून आडवळणाचं. कुठली बाजू धरावी?

दुसरं, सहा जणांना एक लँड क्रूझर पुरेल का? कळप डावीकडे उतरला की उजव्या खिडकीवाल्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात. दोन गाड्यांनी खरंच फरक पडतो?

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घेणार आहोत, प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर विलगीकरण होतं. तिथल्या जंगलात नेणाऱ्या छोट्या विमानात १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. लेन्स टेकवायची पिशवी रिकामी नेऊन तिथेच तांदूळ भरू. तरी ५०० मिमी लेन्स न्यावी, की ८×४२ दुर्बिणीवर भागेल?